घरटी एक तांब्या

१

काल्याची खीर गावानं पोटभर खाल्ली, आणि मग विहिरीनं गोरखला परत दिलं.

आंबेदऱ्याच्या देवळामागं ती विहीर. सप्ताह पार पडला, पंगती उठल्या, आणि खिरीची मोठी कढई घासायला बायका पाण्याला गेल्या. म्हाताऱ्या साळूबाईनं पोहरा सोडला. भरला, पण वर येईना.

"कशाला तरी अडाकलाय गं. हात लाव जरा."

दोघींनी मिळून दोर ओढला, तेव्हा पाण्यातून आधी एक पांढरी बाही वर आली.

गोरख म्हणजे गावच्या दूध डेअरीचा टेस्टर. मशीनवर दुधाची फॅट मोजणारा, वय तिशीच्या आतलं, बोलणं कमी. आदल्या संध्याकाळपासून तो कुणाला दिसला नव्हता आणि कुणी शोधलाही नव्हता. कारण आदल्याच दुपारी, भर मंडपात, गावानं त्याला चोर ठरवलं होतं.

"तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हवती," गर्दीतून कुणी तरी म्हणालं. "घेतली उडी."

काल्याचं कीर्तन करून प्रयागबाई नुकत्याच मंडपातून उतरल्या होत्या. कपाळावरचा बुक्का घामानं पसरलेला, गळ्यात हार तसाच. घोडेगावच्या बाजूच्या त्या. साठीला आल्या तरी आवाज असा की शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूस दचकून टाळी धरतो. पंचवीस वर्षं लोकांसमोर उभं राहून त्यांना एक सवय लागली होती. गाताना त्यांचं लक्ष देवाकडं असे आणि डोळे माणसांच्या चेहऱ्यांवर.

त्यांनी गर्दीकडं पाहिलं. भ्यालेले चेहरे होते, हळहळणारे होते, एकदोन ठिकाणी 'बरं झालं' असेही होते. गोरखची बायको स्नेहल आली तेव्हा बायकांनी वाट दिली. तिला सातवा महिना. ती नवऱ्याच्या पायाशी बसली, ओली बोटं हातात घेतली आणि रडली नाही.

"ते चोर न्हवते," एवढंच म्हणाली.

देवळात सात दिवस न थांबलेला पखवाज तेवढा आता थांबला होता.

२

आठवड्यानं स्नेहल एसटीनं प्रयागबाईंच्या दारात आली. हातात पिशवी, पायांवर सूज.

"माई, परवा दशक्रिया हाय. प्रवचन कराल का?"

आपल्या भागात दहाव्याला नदीवर कीर्तनकाराचं प्रवचन झाल्याशिवाय माणूस नीट वाटेला लागला असं कुणी मानत नाही. बोलावणं आलं तर बुवा सहसा नाही म्हणत नाहीत.

"दुसरं कुणी नाही मिळालं?"

"तिघांनी न्हाई म्हनून सांगितलं. चोराचं प्रवचन कोन करणार? गावानंबी ठरवलंय, नदीवर जायाचं न्हाई." तिनं पोटावर हात ठेवला. "मला गावाचं काय न्हाई, माई. पर हे जन्माला आल्यावर ह्याला समदी चोराचं पोर म्हनतील. शाळंत म्हनतील, लग्नात म्हनतील. तेवढं पुसायचंय."

प्रयागबाईंनी तिला पाणी दिलं, मग गूळ दिला, मग समोर मांडी घालून बसल्या. "आता मला सगळं सांग. सावकाश."

हकीकत अशी. कुशाबा महिन्यापूर्वीच डेअरीचा चेअरमन झाला होता. गावचं दूध जिथं जमा होतं त्या केंद्रावरच्या स्लिपा त्यानं पहिल्यांदाच बघितल्या, आणि सप्ताहाच्या शनिवारी दुपारी मंडपात उभा राहून विचारलं: आपल्या गाईच्या दुधाला फॅट चार. म्हशीच्या दुधाला सात. दोन्ही एकाच टेम्पोत जातात, खाली एकत्र ओततात. मग मधली फॅट किती? साडेपाच! आणि केंद्रावर लागते किती? चार पॉइंट सहा. मधलं लोणी कुठं गेलं? कोण मलई काढतं, कोण पाणी ओततं?

"ह्ये उभं ऱ्हायले, 'असं न्हाई, मी सांगतो' म्हनाले. कुनी ऐकलं न्हाई. समदा मंडप चोर चोर म्हनाया लागला." स्नेहलचा आवाज एकदाच फाटला. "चाळीस घरं. एका आवाजात."

"त्या दिवसांत आणखी काही बोलला होता का गोरख?"

ती आठवू लागली. "एकदा म्हनाले, उन्हाळा एवढा तापलाय तरी आपला एकबी कॅन नासत न्हाई, ह्ये चांगलं लक्षण न्हाई. आन म्हनाले, काल्याच्या दिवशी देवापुढं एक जन आपनहून बोलंल. न्हाई बोलला तर मी बोलीन. पर त्याला आधी संधी द्यायची."

"कोण एक जण?"

"नाव न्हाई घेतलं. म्हनाले, मित्राचं नाव घरातबी घिऊ ने."

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रयागबाई आंबेदऱ्यात उतरल्या. कुशाबा गोठ्यात होता. बेल्ह्याच्या बाजारातून आणलेल्या नव्या गाईच्या पाठीवर पाणी मारत होता. बाईंना बघून त्यानं टोपी सरळ केली.

"माई, तुमी प्रवचनाला हो म्हनलात ते ऐकलं. तुमाला मी काय बोलनार? पर पुरावा हाय."

"कसला?"

"बाटली." त्यानं हात पुसले. "टेस्टर रोज सकाळी सगळ्या दुधाचा एकत्र नमुना काढून ठिवतो. नासू नये म्हून औषधाची गोळी टाकून. शनवारची बाटली त्याच्याच कपाटात, त्याच्याच अक्षराची चिठ्ठी लावल्याली. सोमवारी समद्यांदेखत मशीनला लावली. किती यावी? साडेपाच! म्हंजी सकाळी दूध चोख, आन केंद्रावर जास्तोवर चार पॉइंट सहा. आता बोला."

"बाटली तपासायची कुणाला सुचली?"

"सेक्रेटरीला, सावळारामला. त्याचा जिगरी की गोरख. बिचारा म्हनाला, लावून बघा, आळ तरी फिटंल. फिटायचा ऱ्हायला, घट्टच बसला."

"कपाटाची किल्ली?"

"एक गोरखच्या करदोऱ्याला व्हती, ती त्याच्यासंगं पाण्यात गेली. दुसरी हापिसात खिळ्याला. मी, सावळाराम आन टेम्पोवाला जानकू, तिघंच आत जातो." तो थांबला. खालच्या आवाजात म्हणाला, "माई, मी कुनाचं वाईट चिंतलं न्हाई. हिशेब इचारला फकस्त. मला काय ठावं, त्यो जीव दील म्हून."

त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. प्रयागबाई उठता उठता सहज बोलल्या, "बरं चेअरमन, तेराव्याच्या खिरीचं ठरवतेय. समजा मोठ्या कढईत आठ घागरी खीर, कमी गोड. लहान कढईत दोन घागरी, गोडमिट्ट. दोन्ही एकत्र केल्या तर गोडी कशी येईल?"

"मधली की! त्यात काय इचारायचं?"

जानकू डेअरीपुढं टेम्पोचा टायर ठोकत होता. गोरखचा चुलतभाऊ तो. दहाव्याचं पाणी त्यालाच पाजायचं होतं, आणि त्याला ते जड झालेलं दिसत होतं.

"चुलत्याचं नाव घालवलं त्यानं," जानकू टायरलाच म्हणाला. "मला गावात लोक इचारत्यात, वाटंत टेम्पो थांबवून तूच तर मलई काढत न्हवतास ना?"

"काढत होतास?"

"माई! देवाशपथ न्हाई."

खिरीचा प्रश्न त्यालाही विचारला. "मधली," तो म्हणाला.

मग बाईंनी आणखी एक विचारलं. "गोरख गेल्यापासून रोज केंद्रावर फॅट किती लागते रे?"

"तीच की. चार पॉइंट सहा."

"रोज?"

"रोज."

हातोडा हवेत राहिला. जानकूनं पहिल्यांदाच मान वर केली. चोर जाऊन आठवडा झाला होता, आणि चोरी जशीच्या तशी चालू होती.

४

डेअरीला लागून पोपटलाल शेठचं पशुखाद्याचं दुकान. राजस्थानातून आलेल्या आजोबांनी घातलेलं. आता शेठचं मराठी गावाइतकंच गावचं. सरकी पेंडीच्या वासात ते गादीवर बसले होते.

"या माई. पाणी घ्या. गोरखशी माझं भांडण होतं, ते आधीच सांगतो. माझ्या पेंडीनं फॅट वाढत नाही असं तो लोकांना सांगायचा. खरंच सांगायचा, म्हणून राग."

बाई हसल्या. खिरीचं विचारलं.

"मोठ्या कढईकडं झुकेल. मधली कशी होईल? आम्ही स्वस्त-महाग पेंड मिसळतो ती अशीच, जेवढं पोतं तेवढा त्याचा जोर." मग म्हणाले, "त्या शनिवारी मी उठलो होतो माई. म्हटलं, चेअरमन, हिशेब असा नसतो. तर मागून कुणी ओरडलं, 'शेठ, तुमी दुकानात बसा, तुमची म्हैस हाय का?' लोक हसले. मी बसलो. दुसऱ्यांदा उठायला पाहिजे होतं."

"दुसरं कुणी उठलं?"

"कुणी नाही."

देवळाच्या पायरीवर साळूबाई वाती वळत बसली होती. सावळारामची ती आई. तिच्या हातून पोहरा अडकल्यापासून तिला झोप नव्हती. पण लेकाचं नाव निघालं की चेहरा उजळायचा.

"माझ्या सावळ्यावानी ल्योक मिळायचा न्हाई, माई. काल्याच्या सकाळी घरटी एक तांब्या दूध येतं, त्ये गाळून कढईत वतायचं काम त्याचंच. किती घाई! पर तेवढ्यातबी म्हनाला, आये, स्नेहल दोन जिवांची, कालच्या परकारानं उपाशी असंल, तिला बाटलीभर न्हेतो. कढईतनं भरूनबी घेतली. देवाच्या दुधाला हात लावलास म्हून मी रागं भरले, तर म्हनतो कसा, पोटातल्या लेकराला देव कधी रागावतो व्हय?"

"चांगलं मन," प्रयागबाई म्हणाल्या, आणि देवळात शिरल्या.

सावळाराम आत पखवाजाला शाई घोटत होता. बारा वर्षं डेअरीचा सेक्रेटरी. सप्ताहात सात दिवस पखवाज त्याचाच, काल्याच्या कीर्तनाला बाईंना साथही त्याचीच. बाईंच्या पाया पडला तेव्हा डोळे भरून आले.

"भाऊ गेला माझा, माई. शनवारी सांजचं दूध झालं, त्यो कॅन धुवाया इहिरीवर गेला. मी म्हनलं थांबतो संगं, तर म्हनाला, जा तू. गेलो नसतो तर..."

बाईंनी त्याचे हात हातात घेतले. बोटांची टोकं सोललेली, पांढरी, चिरा पडलेली.

"हे काय रे?"

"पखवाज. सात दिवस वाजवला न्हवं."

"हं. उद्या नदीवर साथीला येशील ना?"

"मी न्हाई तर कोन येनार?"

निघता निघता त्यांनी खिरीचं विचारलं. सावळारामनं शाईवरची नजरही काढली नाही.

"मधली कशी हुईल, माई? आठ घागरींचं वजन धरायला नगं? कमी गोडाकडंच झुकंल ती."

"खरंच की," बाई म्हणाल्या. "माझ्या ध्यानातच आलं नाही."

पंचवीस वर्षं त्यांनी पखवाजी पाहिले होते. पखवाजानं बोटांना घट्टे पडतात. बोटं सोलत नाहीत.

५

मीना नदीच्या काठी माणूस मावत नव्हता. गोरखसाठी कुणी येणार नव्हतं, पण प्रयागबाईंचं प्रवचन सोडवेना. जानकूनं पिंड ठेवला, आणि सगळे कावळ्यांची वाट बघणार तेवढ्यात कावळा आलाही, शिवूनही गेला.

"बघा," मागून कुजबुज झाली, "चोराला कसली इच्छा ऱ्हायतीय?"

प्रयागबाई उभ्या राहिल्या. गळ्यात वीणा, शेजारी सावळाराम. 'रामकृष्णहरी' म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि डोळे मिटले नाहीत.

"कावळा लगेच शिवला. कारण गोरखला आपल्याकडं काही मागायचंच नाही. मागायचंय आपल्याला. मी आज पुराण लावणार नाही, हिशेब लावणार आहे. चेअरमन, पुढं या. तुमचा हिशेब तुमच्याच तोंडानं होऊ द्या."

कुशाबा चाचरत पुढं आला.

"तुमच्या घरी गाय. सकाळी डेअरीला दूध किती घालता?"

"आठ लिटर."

"साळूबाईच्या घरी म्हैस. त्यांचं किती?"

"दोन. बाकी समद्यांचंबी थोड्या फरकानं असंच. गाईवाल्याचं आठ, म्हशीवाल्याचं दोन."

"गाईवाली घरं किती, म्हशीवाली किती?"

"वीस-वीस."

"मग दोनच घरं धरू, तुमचं आणि साळूबाईचं. तुमचे आठ लिटर आले. प्रत्येक लिटर आपली चार फॅट बरोबर घेऊन आला. चार किती वेळा बोलला?"

"आठ येळा. आठ चोक बत्तीस."

"साळूबाईच्या म्हशीचा सात?"

"दोनदा. चौदा."

"बत्तीस आणि चौदा?"

"सेहेचाळीस."

"लिटर किती झाले? आठ आणि दोन, दहा. सेहेचाळीसला दहानं भागा."

कुशाबाचे ओठ हलले. आकडा तोंडातून बाहेर यायला वेळ लागला.

"चार... पॉइंट... सहा."

मागच्या रांगांतून तोच आकडा पुन्हा कुजबुजत फिरला.

"तुम्ही चाराला एकदा बोलू दिलंत आणि साताला एकदा. मंडपात वीस टाळकरी आणि दोन वीणेकरी असले, तर आवाज मध्यावर राहतो का? तो टाळाचाच होतो. ज्याचं माप मोठं, त्याच्याकडं सरासरी झुकते. तुमच्या कॅनला चार पॉइंट सहाच लागायला हवी. आजही तीच लागते, विचारा जानकूला. गोरखनं थेंब चोरला नव्हता."

कुणीतरी हुंदका दाबला. कुशाबा मटकन वाळूत बसला. टोपी काढून मांडीवर धरली, आणि एकाएकी त्याचं डोकं वर आलं.

"पर माई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मग त्या बाटलीत साडेपाच आली कुठनं?"

६

"तेच," प्रयागबाई म्हणाल्या. "साडेपाचचं दूध ह्या गावात रोज कुठंच तयार होत नाही. पण वर्षातून एकदा होतं."

त्यांनी स्नेहलच्या पायाशी ठेवलेला तांब्या उचलला.

"काल्याच्या दिवशी. घरटी एक तांब्या. गाईवाल्याचा एक, म्हशीवाल्याचा एक. माप सारखं, म्हणून दोघांचं बोलणं सारखं, म्हणून फॅट मध्यावर. चार आणि सात, निम्मे साडेपाच. चेअरमन, तुमचा हिशेब चुकीचा नव्हता. तो कढईचा होता, कॅनचा नव्हता. चिठ्ठी गोरखचीच, पण शनिवारची म्हणून तुम्ही मशीनला लावलेली बाटली रिकामी करून पुन्हा भरली होती रविवारी सकाळी, देवळातल्या कढईतून. आणि गोरख तर शनिवारी संध्याकाळपासून पाण्याखाली होता."

पखवाजावर ठेवलेला हात हलला. एक बारीक, चुकार बोल उमटला.

"मला आधी वाटलं, हिशेब न येणाऱ्याचं काम. मग विचार केला. ज्याला मधली फॅटच खरी वाटत होती, त्याला वाटणार, बाटलीत साडेपाचच असणार. तो बाटलीला हात कशाला लावेल? बाटलीची भीती एकालाच होती. आत चार पॉइंट सहा आहे, ती तशीच मशीनला लागली तर गोरख निर्दोष ठरेल, हे ज्याला ठाऊक होतं त्याला. आणि साडेपाच कुठं मिळेल, हेही त्यालाच ठाऊक. मी काल चौघांना खिरीचं विचारलं. दोघं चुकले. दोघांना वजन धरायचं कळत होतं. एक पोपटलाल शेठ. ते त्या दिवशी उठून बोलले, आपण त्यांना हसलो. त्यांना खिळ्यावरची किल्ली नाही, आणि कढईशी ते नव्हते." बाईंचा आवाज खाली आला. "दुसरा त्या दिवशी मंडपातच होता. सगळं येत असून गप्प बसला."

त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. बायकांच्या घोळक्यातून साळूबाई पुढं आली होती, वाळूत पाय ओढत.

"सावळ्या," ती म्हणाली, "ती बाटली तू हिच्यासाठी न्हेली व्हतीस न्हवं? सांग की माईंना. स्नेहल, दिली ना गं ह्यानं तुला?"

स्नेहलनं म्हातारीकडं पाहिलं. खोटं बोलावं असं त्या क्षणी तिच्या मनात येऊन गेलं असेल, इतकी ती थांबली.

"न्हाई, आत्या. मला थेंब मिळाला न्हाई."

"सावळ्या?"

"आये, गप ऱ्हा."

"बाटली कुनाला दिलीस, सावळ्या?"

आईच्या त्या प्रश्नापुढं तो टिकला नाही. पखवाज मांडीवरून घसरला, वाळूत लोळला.

"त्यानं बघितलं व्हतं," सावळाराम म्हणाला. कुणाकडं बघत नव्हता. "उन्हाळ्यात दूध नासायचं, कॅन माघारी यायचे, लोक माझ्या नावानं बोंबलायचे. मी सोडा टाकाया लागलो. कपडं धुवायचा. एकबी कॅन माघारी येईना, समदे म्हनले सावळाराम लई गुणाचा. गोरखनं माझी बोटं बघितली. म्हनाला, ह्ये दूध लेकरं पित्यात. काल्याला देवापुढं उभं ऱ्हाऊन तूच सांग, मी संगं उभा ऱ्हातो. संगं उभा ऱ्हातो म्हनाला!" तो हसल्यासारखं काहीतरी करून थांबला. "मग चेअरमननी ती फॅट काढली. मला हिशेब कळत व्हता. म्हनलं, गप बसावं. एकदा त्यो चोर ठरला की त्याचं कोन ऐकनार? पर सांजच्याला इहिरीवर परत म्हनाला, उद्या सांगशील ना रं? त्यो वाकला व्हता, कॅन बुडवत व्हता. मी मागं व्हतो."

फौजदार गर्दीच्या कडेला साध्या कपड्यांत उभे होते. बाईंनी सकाळीच निरोप धाडला होता. ते पुढं झाले तेव्हा सावळाराम स्वतःच उठला. जाताना आईच्या पायांकडं वाकला. साळूबाईनं पाय मागं घेतले.

प्रयागबाईंनी वीणा उतरवली नाही. आरतीपर्यंतचं सगळं त्यांनी म्हटलं, साथीशिवाय. ताल धरायला पखवाज नव्हता. हळूहळू लोकांच्या टाळ्या त्याच्या जागी आल्या, आधी दबकत, मग घट्ट.

तेराव्याला स्नेहलच्या अंगणात कढई मांडली होती. कुणी दवंडी दिली नव्हती, तरी घरटी एक तांब्या दूध येत होतं. माणसं यायची, मान खाली घालून ओतायची, बाजूला उभी राहायची. पोपटलाल शेठनी साखरेचं पोतं आणून ठेवलं आणि ओट्यावर बसले. म्हैस नव्हती तरी.

कुशाबा आला तो डोक्यावर घागर घेऊन. काठोकाठ.

"पोरी, माझा गुन्हा मोठा. माझी घागर वत."

स्नेहलनं घागरीकडं पाहिलं, मग कढईभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांकडं.

"न्हाई, चेअरमन. तुमीबी एकच तांब्या वता," ती म्हणाली. "त्या दिवशी चोर म्हनताना समद्यांचा आवाज सारखाच व्हता. आज मापबी सारखंच ऱ्हाऊ द्या."

कुशाबानं तिथंच, सगळ्यांसमोर, घागरीतलं एक तांब्याभर दूध मोजून ओतलं, आणि उरलेली घागर हातात धरून तसाच उभा राहिला. ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

फाटकापाशी साळूबाई उभी होती. हातात तांब्या, पदर तोंडावर. आत यायचं तिचं धाडस होत नव्हतं आणि माघारी जायचंही.

स्नेहल जड पावलांनी फाटकापर्यंत गेली. म्हातारीच्या हातातला तांब्या तिनं घेतला. जरासा रिता होता. वाटेत सांडला असावा.

"आत्या," ती म्हणाली, "भरून आणा. तुमचाबी भरल्यालाच पायजे."